‘अग्री’च्या पुढे काय लिहायचं?

नाशिक भागातल्या एका द्राक्ष निर्यातदाराकडे मी परदेशी पत्रव्यवहार बघते. जानेवारी ते एप्रिल, माल चालू असेपर्यंत, रोटरडॅमच्या आणि इंग्लंडच्या खरेदीदारांशी रोज मेल चालतात. दर हंगामात ऑफिसात नवीन मुलं-मुली येतात. त्यांना मी सगळ्यात आधी इंग्रजीतलं ‘अग्री’ (agree, सहमत होणं) हे एकच क्रियापद नीट शिकवते. स्पेलिंग चुकलं तर खरेदीदार समजून घेतो, पण ‘अग्री’च्या पुढचा शब्द चुकला तर पैसे जातात.

आधी एक सवय मोडा. ‘मी सहमत आहे’ डोक्यात असतं, म्हणून हात ‘आय ॲम अग्री’ लिहितो. ‘अग्री’ हेच क्रियापद आहे, त्याला ‘ॲम’चा टेकू लागत नाही. ‘आय अग्री’, ‘वी अग्री’. नकार द्यायचा तर ‘वी डू नॉट अग्री’. ‘वी आर अग्रीइंग’सुद्धा नको. ‘वी आर अग्रीड’ मात्र चालतं, म्हणजे आमचं सगळ्यांचं एकमत झालं आहे.

आता मुख्य गोष्ट. ‘अग्री विथ’ माणसाशी किंवा त्याच्या मताशी: तुमचं म्हणणं आम्हाला पटतं. ‘अग्री टू’ समोरच्याने मांडलेल्या अटीला, मागणीला, प्रस्तावाला: आम्ही होकार देतो आणि त्याला बांधील राहतो. ‘अग्री ऑन’ म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलून एक गोष्ट ठरवली.

यातला विथ आणि टूचा फरक क्लेमच्या वेळी, म्हणजे खरेदीदार माल खराब म्हणून पैसे कापायला मागतो तेव्हा, महागात पडतो. कंटेनर पोचतो, तिकडचा क्वालिटी रिपोर्ट येतो: मणीगळ जास्त, देठ सुकलेले, म्हणून दरात इतकी कपात. एकाच मेलमध्ये दोन गोष्टी आलेल्या असतात, एक निरीक्षण आणि एक मागणी. फोटो बघून मणीगळ खरीच दिसत असेल तर ती नाकारू नका, विश्वास जातो. पण दोन्हींना एकाच वाक्यात उत्तर देऊ नका. असं लिहा: ‘वी अग्री विथ द फाइंडिंग ऑन बेरी शॅटर. वी डू नॉट अग्री टू द डिडक्शन.’ मणीगळ आहे हे पटलं, कपात मान्य नाही. घाईत कुणी ‘वी अग्री टू युअर रिपोर्ट’ लिहिलं, तर रिपोर्टमधल्या कपातीलाही होकार दिला असं समोरचा धरून चालेल, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. ती कपात बऱ्याचदा शेवटी बागायतदाराच्या हिशेबात उतरते. त्याने छाटणीपासून राखलेल्या मालाचे पैसे आपल्या एका ‘टू’मुळे कमी होऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. विचार करायला वेळ हवा असेल तर ‘अग्री’ वापरूच नका. ‘वी हॅव नोटेड युअर रिपोर्ट’ लिहा. रिपोर्ट मिळाला, वाचला, बस.

‘ऑन’ येतो दर ठरवताना. ‘वी अग्रीड ऑन अ मिनिमम गॅरंटी प्राइस’, म्हणजे किमान हमी दर दोघांनी मिळून ठरवला. इंग्लंडचे लोक इथे ‘ऑन’ गाळून थेट ‘वी अग्रीड अ प्राइस’ लिहितात. ती त्यांची रीत आहे, त्यांची वाक्यं दुरुस्त करायला जाऊ नका. आपण मात्र ‘ऑन’ लिहावं, ते सगळीकडे चालतं.

आपल्या 1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 13मध्ये संमतीची व्याख्या आहे: दोघांचं एकाच गोष्टीवर, एकाच अर्थाने जमलं पाहिजे. यातलं ‘एकाच अर्थाने’ फार महत्त्वाचं. ‘दर पेटीला’ असं दोघंही म्हणाले, पण एकाच्या मनात 500 ग्रॅमच्या 10 पनेटची (द्राक्षं भरायच्या छोट्या डब्यांची) 5 किलोची पेटी आणि दुसऱ्याच्या मनात 9 पनेटची साडेचार किलोची, तर काहीच ठरलेलं नाही. म्हणून ‘अग्रीड ऑन’च्या पुढे वाण, मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये, पनेटची संख्या आणि निव्वळ वजन, सगळं लिहून काढा.

मराठीतून येणाऱ्या आणखी दोन अडचणी. ‘डिस्काउंटसाठी तयार झाले’ म्हणून ‘अग्रीड फॉर डिस्काउंट’ लिहू नका. ‘अग्रीड टू अ डिस्काउंट’. आणि ‘आम्ही त्यांना राजी केलं’ याचं ‘वी अग्रीड देम’ होत नाही. ‘अग्री’ माणूस स्वतः करतो, दुसरा त्याला अग्री करू शकत नाही. ‘वी पर्स्वेडेड देम’ लिहा. पुढे क्रियापद असेल तर सरळ ‘टू’: ‘दे अग्रीड टू पे बाय फ्रायडे.’

‘इट वॉज अग्रीड दॅट’ मला मेलमध्ये अजिबात आवडत नाही. कुणी मान्य केलं ते त्यात दिसत नाही, आणि वाद झाला की नेमकं तेच शोधावं लागतं. कर्ता लिहा.

‘अग्री इन प्रिन्सिपल’ म्हणजे तत्त्वतः मान्य. समोरून हे आलं तर माल भरायला घेऊ नका, तपशील अजून ठरायचे आहेत.

आकड्यांनाही हेच क्रियापद लागतं. ‘द वेट्स डू नॉट अग्री विथ द पॅकिंग लिस्ट’ म्हणजे वजनं यादीशी जुळत नाहीत. यात कुणावर आरोप नसतो, त्यामुळे घाबरून माफीचा मेल लिहू नका, आधी यादी तपासा. खाण्याच्या बाबतीत ‘मिल्क डझन्ट अग्री विथ मी’ म्हणजे मला दूध मानवत नाही. पाहुणा खरेदीदार जेवायला आला तर कानावर पडेल.

शेवटी ‘ॲज अग्रीड’, म्हणजे ठरल्याप्रमाणे. हे दोन शब्द कधीही सुटे लिहू नका. कुठे ठरलं त्याची तारीख लगेच द्या: ‘ॲज अग्रीड इन युअर मेल ऑफ 12 फेब्रुवारी’. आणि तो मेल खाली जोडा. जोडायला मेल सापडत नसेल तर आधी फोन करून विचारा, मग लिहा.