रब्बी कांद्याचं बी निवडताना दिवसाची लांबी आणि थंडी, दोन्ही बघा

परतीचा पाऊस ओसरला की उळे, म्हणजे रोपासाठी कांद्याचं बी, टाकायची घाई सुरू होते. वाफे तयार असतात, बियाण्याचे भाव चढलेले असतात आणि डब्यात खरिपाचं अर्धा-पाऊण किलो बी उरलेलं असतं. तेच टाकून मोकळं व्हावं असं वाटतं. टाकू नका. ते बी उगवेल, रोपही तरारून येईल. फटका फेब्रुवारी-मार्चमध्ये कळेल, जेव्हा शेतात डेंगळे (फुलाचे दांडे) आणि जोडकांदे दिसायला लागतील.

रोपानं कांदा कधी धरायचा, म्हणजे त्याचा बुडखा कधी फुगायचा, हे खतपाण्यावर ठरत नाही. दिवस किती तासांचा आणि हवा किती उबदार, या दोन गोष्टींवर ते ठरतं. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यात 21 जूनच्या सुमारास दिवस साधारण 13 तास 20 मिनिटांचा असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात 11 तासांहून किंचित कमी. म्हणजे वर्षभरातला फरक जेमतेम अडीच तासांचा. आपले सगळे वाण या अडीच तासांतच बसवलेले आहेत. साडेअकरा-बारा तासांचा दिवस त्यांना पुरतो. युरोपातल्या वाणांना 14 ते 16 तास लागतात. तसलं बी इथं लावलं तर नुसती पात माजते आणि खाली जाड मान, कांदा नाहीच. परदेशात परसबागेत हौसेनं नाशिकचं बी लावणाऱ्यांची गत उलटी होते. तिकडे एप्रिलमध्येच दिवस तेरा तासांच्या पुढे जातो, चार पानांचं रोप लगेच कांदा धरतं आणि हाती गोल्टी, म्हणजे बारीक कांदासुद्धा नीट लागत नाही.

यातली खरी मेख पानांत आहे. एखादा कांदा आडवा कापून बघा. त्यातलं बहुतेक प्रत्येक कडं म्हणजे एकेका पानाचा फुगलेला बुडखा. कांदा धरायला लागायच्या आधी रोपावर जितकी आणि जितकी रुंद पानं, तितका कांदा मोठा. एकदा धरायला लागला की नवी पात जवळपास थांबते. म्हणून रब्बीची लागण जानेवारीच्या उत्तरार्धात ढकलली की माल बारीक निघतो: पानं पुरेशी व्हायच्या आत दिवस वाढतो, ऊन तापतं आणि रोप आहे तेवढ्यावर कांदा धरून मोकळं होतं. तिथे युरियाचा जादा हात मारून उपयोग नाही. उलट उशिराच्या नत्रानं मान जाड राहते आणि तो माल साठवणुकीच्या चाळीत आधी सडतो. नत्राचा शेवटचा हप्ता लागणीनंतर 45 दिवसांच्या आत उरका.

खरिपाचा कांदा घटत्या दिवसात पोसतो, रब्बीचा वाढत्या दिवसात. बसवंत 780, फुले समर्थ, भीमा सुपर, भीमा राज हे खरीप आणि रांगड्याचे (रांगडा म्हणजे खरीप आणि रब्बीच्या मधला हंगाम). रब्बीसाठी एन 2-4-1, ॲग्रीफाउंड लाईट रेड, भीमा किरण किंवा भीमा शक्ती घ्या. यातला भीमा शक्ती रांगड्यालाही चालतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीत प्रत्येक वाणापुढे हंगाम दिलेला असतो. दुकानदार काहीही म्हणो, तो रकाना आधी वाचायचा.

आता थंडी. कांदा मुळात दोन वर्षांचं पीक: पहिल्या वर्षी कांदा, दुसऱ्या वर्षी फूल. पण रोप जाड झालेलं असताना कडाक्याची थंडी लागली, तर एक हिवाळा सरला असं धरून ते त्याच हंगामात दांडा काढतं. तोच डेंगळा. निफाडला पारा एक आकडी झाला की बातम्या द्राक्षांच्या येतात, पण लवकर लावलेल्या कांद्यालाही त्याच रात्री बाधतात. रोप लहान असेल तर तीच थंडी त्याच्या अंगाला लागत नाही. म्हणून रब्बीचं बी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाका आणि 50 ते 55 दिवसांचं रोप डिसेंबरमध्ये, फार तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. उपटताना पेन्सिलीएवढी जाड झालेली रोपं बाजूला काढा. ती बघायला छान वाटतात, पण डेंगळे बहुधा त्यांनाच येतात. एक हेक्टर लागणीला पाच गुंठ्यांची रोपवाटिका आणि 5 ते 7 किलो बी पुरतं. मजुरांच्या टंचाईपायी रोप पंधरा-वीस दिवस जास्त वाफ्यावर ठेवणं हल्ली सर्रास चालतं. त्यापेक्षा बीच दोन टप्प्यांत, आठवड्याच्या अंतरानं टाकलेलं बरं.

दिवस मोजणारं पीक एकटा कांदा नाही. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलार्ड यांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवून दिलं. आपल्याकडे त्यासाठी प्रयोगशाळा नको. हायवेच्या दिव्याखालच्या सोयाबीनच्या चार ओळी बघा: बाकीचं वावर पिवळं पडून काढणीला आलं तरी त्या हिरव्याच राहतात, कारण दिव्यामुळे त्यांची रात्र पुरी होत नाही. शेवंतीची पॉलिहाऊसवाली मंडळी हेच मुद्दाम करतात. मध्यरात्रीच्या आसपास चारेक तास दिवे लावून कळी रोखायची आणि दांडा हवा तेवढा वाढला की दिवे बंद. उघड्यावर शेवंती असेल तर बांधावरचा रात्रभर जळणारा दिवा आधी काढा.

रब्बी ज्वारीचंही तेच. मालदांडी जात दिवस लहान होत जातात तशी फुलोऱ्याकडे वळते, मग पेरणी केव्हाची का असेना. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या मुदतीत पेरलेली ज्वारी आधी अंगानं भरते, मग निसवते, म्हणजे कणीस बाहेर काढते. नोव्हेंबरात पेरलेली बुटकीच निसवते, त्यात ओलही तुटते. कणीस लहान आणि कडबा निम्मा. सोलापूर-मंगळवेढ्याकडे कडब्याचा भाव बघता हा तोटा दाण्याच्या तोट्याइतकाच लागतो. खरिपाचे संकरित वाण दिवस फारसा मोजत नाहीत, पण म्हणून ते रब्बीत आणू नका; तिथे ते थंडीला आणि खोडमाशीला टिकत नाहीत. जमीन हलकी असेल तर फुले अनुराधा, मध्यम असेल तर फुले सुचित्रा, भारी असेल तर फुले वसुधा.

गव्हाची गोष्ट वेगळी. बुटके मेक्सिकन गहू आल्यापासून आपले वाण दिवसाच्या लांबीकडे फारसं बघत नाहीत. त्यांना हवी ती थंडी, आणि दाणा भरताना ऊन तापायला नको. बागायतीला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटलची घट धरा. उसाच्या तोडीमुळे रान उशिरा मोकळं होणार असेल, तर निफाडच्या गहू संशोधन केंद्राचा फुले समाधान हा वाण घ्या आणि बियाण्याचं प्रमाण थोडं वाढवा. 15 डिसेंबर उलटला की गव्हाचा नाद सोडा. ते रान नांगरून तापू द्या आणि थंडी ओसरल्यावर, 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारीच्या दरम्यान, पाणी पुरणार असेल तरच उन्हाळी भुईमूग टाका.