बेळगावात सेवेला येताय ना, मग आधी घर लावा

सलाम सगळ्यांना.

गेल्या महिन्यात नगरकडचं एक तरुण जोडपं चार वर्षांच्या मुलीला घेऊन इथं सेवेसाठी, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाच्या कामासाठी आलं. टेंपोतून सगळ्यात आधी काय उतरलं तर साउंड बॉक्स आणि कीबोर्ड. गॅस जोडायला आठ दिवस गेले, तेवढे दिवस ती पोर सकाळ-संध्याकाळ हॉटेलची इडली खात होती, पण पहिल्याच रविवारी हॉलमध्ये चटया टाकून प्रार्थनेची मीटिंग मात्र झाली. मला बघून रडूच आलं, कारण २००८ च्या जूनमध्ये आम्ही अगदी असेच आलो होतो, माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, मुलगी पाच, आणि आमच्या ह्यांना वाटायचं की एक दिवस वाया गेला तर देवाला काय तोंड दाखवायचं. मी पाळकीण, म्हणजे पाळकांची बायको म्हणून नाही तर आई म्हणून लिहितेय, वाचून घ्या.

आधी गावाबद्दल. आपण सगळे बेळगाव म्हणतो, कागदावर १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी आहे, सरकारी ऑफिसात अर्ज भरताना तेच लिहा. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हापासूनचा सीमेचा वाद आहे, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे, आणि हे पेपरातलं प्रकरण नाहीये, हे शेजारच्या घरातलं दुखणं आहे. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिन, त्या दिवशी गावात कुठला कार्यक्रम ठेवू नका आणि लांबच्या पाहुण्यांना बोलावू नका. व्यासपीठावरून या विषयावर एक शब्दही नको. तुमच्या चटईवर वडगावचा मराठी विणकर आणि नेहरूनगरातली कन्नड नर्स शेजारी-शेजारी बसणार आहेत, दोघांनाही घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे.

घर बघताना मालकाला खरं सांगा, की आम्ही ख्रिस्ती आहोत, पाळकाचं काम करतो, घरी चार माणसं येतील. आम्ही लपवलं नव्हतं पण सांगितलंही नव्हतं, आणि पाचव्या महिन्यात घर खाली करावं लागलं, गाण्याचा आवाज होतो म्हणून. त्या मालकाला मी आज दोष देत नाही, त्यांना अंधारात आम्हीच ठेवलं होतं. दुसऱ्या घराला वेळ लागला, चार ठिकाणी नाही म्हणाले, पण जे हो म्हणाले त्यांच्याकडे आम्ही नऊ वर्षं राहिलो. ॲग्रीमेंट करून घ्या, त्यावरच पुढचं आधार, गॅस वगैरे चालतं. पाण्याचं आधी विचारा, काही भागात चोवीस तास नळ आहे आणि काही भागात दिवसाआड काय, चार-पाच दिवसांनीही येतं, टाकी केवढी आहे ते स्वतः वर चढून बघा. आणि जुलैचा पाऊस! नगरच्या माणसाला कल्पनाच येत नाही, कपडे आठवडाभर वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, लहान मुलांच्या छातीला होतं. खाली फरशीला ओल येणारं घर घेऊ नका, भाडं हजारभर जास्त गेलं तरी चालेल.

आधारवरचा पत्ता लगेच बदला. इथं जून २०२३ पासून बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, पण आधारवर कर्नाटकचा पत्ता लागतो, आणि पाळकाच्या पगारात तेवढी बचत मोठी असते. गाडी एमएच पासिंगची असेल तर बारा महिन्यांच्या वर तशीच चालवता येत नाही, आधीच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) येतानाच घेऊन या, नंतर नगरला हेलपाटे होतात.

आता भाषा. तुम्हाला वाटेल मराठी तर येतेच, पण बेळगावची मराठी वेगळी आहे. इथं 'काय करालाय' म्हणतात, 'मी भाकरी खाल्लो', 'आमी बगितलो' म्हणतात, कन्नडच्या शेजारानं तिला तसा गोड वळसा पडलाय. पहिल्या वर्षी अनगोळच्या एका आजींनी मला सांगितलं, बाई, तुमी लई चांगलं बोललासा, आमी ऐकलो, पर पुस्तकातलं हाय. तेव्हापासून मी आधी ऐकायला शिकले. कुणाचं बोलणं दुरुस्त करू नका, मुलांनाही करू देऊ नका. आणि कन्नड शिका, दोघांनीही, फक्त पाळकांनी नाही. मी कन्नड क्लासला गेले नाही, शेजारच्या अक्कांकडे रोज दुपारी भाजी निवडायला बसायचे, त्यांनी 'बर्री' (या) म्हणून बोलावलं की जायचं. सहा महिन्यांत बाजार जमला, दीड वर्षात एखाद्या बाईचं दुःख ऐकण्याइतकं जमलं, प्रार्थना करायला मात्र तीन वर्षं लागली.

मुलांच्या शाळेचं याच्याशी जोडलेलं आहे. २०१५ च्या कायद्याने २०१७-१८ पासून शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते, मग माध्यम इंग्लिश असो नाहीतर मराठी. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. कुठलीही घ्या पण मूल वरच्या वर्गात असेल तर मे महिन्यातच या आणि कन्नड अक्षरं गिरवून घ्या. आम्ही जूनमध्ये आलो आणि तिसरीतल्या मुलाला थेट वर्गात बसवलं. सहा महिने तो शेवटच्या बाकावर गप्प होता, घरी विचारलं तर म्हणायचा सगळं ठीक आहे, कारण त्याला दिसत होतं की आई-बाबा दमलेत. शेवटी अक्षरं शिकवली त्याच अक्कांनी, मटार सोलता सोलता.

चर्चबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. इथं प्रभूचं नाव तुम्ही पहिल्यांदा आणत नाही आहात. लंडन मिशनचं काम बेळगावात १८२० ला सुरू झालं, १९०४ ला ते मेथडिस्ट मिशनकडे गेलं, म्हणजे आपल्या नगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्याही अकरा वर्षं आधीचं हे गाव आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून १८५७ च्या ज्या पुस्तकाचं नाव घेतात ते लिहिणारे बाबा पदमनजी बेळगावातच जन्मले, बाप्तिस्माही त्यांनी १८५४ ला इथंच घेतला. कॅम्पात सेंट मेरीज आहे, कॅथलिकांचं फातिमा कॅथेड्रल आहे, मेथडिस्ट मंडळ्या आहेत. आल्या आल्या यांच्या पाळकांना घरी जाऊन भेटा, रिकाम्या हाताने नको, थोडा कुंदा, इथली मिठाई, घेऊन जा, आणि सांगा की आम्ही तुमची माणसं ओढायला आलेलो नाही. मग तसंच वागा. दुसऱ्या मंडळीतून रुसून आलेलं कुटुंब तुमच्याकडे आलं की पहिल्या रविवारी खूप आनंद होतो, संख्या वाढते, वर कळवता येतं, पण आम्ही अशी तीन कुटुंबं घेतली आणि तिन्ही दोन वर्षांत आमच्यावरही रुसून गेली, वर त्या पाळकांचं मन दुखावलं ते वेगळंच. आता असं कोणी आलं तर आमचे हे आधी त्यांच्या पाळकांना फोन करतात.

आणि पहिलं वर्ष स्वतःची मीटिंग सुरूच करू नका. पाठवणाऱ्या मंडळीला हे आधी सांगून या, नाहीतर सहाव्या महिन्यात फोन येतो, किती झाले, किती झाले. वर्षभर कुठल्यातरी जुन्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा, गाव फिरा. वडगाव-खासबागच्या मागांचा खडखडाट रात्रीपर्यंत चालतो, उद्यमबागच्या फौंड्रीतला माणूस शिफ्टवर असतो, त्यांना रविवारी सकाळी नऊची वेळ देऊन उपयोग नाही. हे कळायला गल्लीत राहावं लागतं. आमची मंडळी अठरा माणसांची व्हायला चार वर्षं लागली आणि तीही गुरुवारच्या रात्रीच्या भेटीतून. नारायण वामन टिळकांची गाणी आपल्याकडे पोरंसोरं पाठ म्हणतात, ती इथं पेटी-तबल्यावर म्हटली की न येणारा शेजारीही दारात थांबतो. एक कडवं मराठी, एक कन्नड गाणं, असं चालतं. उपदेशाचं भाषांतर होणार असेल तर वीस मिनिटांचाच तयार करा, तो चाळीस मिनिटं होतो. बोर्ड लावाल तेव्हा कन्नड मोठं ठेवा, ६० टक्के कन्नडचा नियम आहे.

कायदा नीट समजून घ्या. कर्नाटकात २०२२ चा धर्मांतरविरोधी कायदा आहे, त्याचं बिल डिसेंबर २०२१ ला बेळगावच्याच अधिवेशनात विधानसभेत पास झालं. जून २०२३ ला मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं होतं, पण सध्या काय स्थिती आहे ते येण्याआधी वकिलाकडून समजून घ्या, व्हॉट्सॲपवर फिरतं त्यावर जाऊ नका. या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्याने ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं आहे, जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांना ३ ते ५ वर्षं शिक्षा आहे, आणि समोर स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर १० वर्षांपर्यंत. आमिषात भेटवस्तू, नोकरी, फुकट शिक्षण सगळं येतं. म्हणून मदत करायची तर शेजारी म्हणून करा, त्या दिवशी बायबल पिशवीत राहू द्या. कुणाच्या मुलांना आई-बापाला न विचारता संडे स्कूलला बसवू नका. आणि मला विचाराल तर हे कायद्यासाठी नाही, तांदळाची पिशवी दाखवून आलेला विश्वास मला स्वतःलाच नको आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पहिली पाच वर्षं आमचे हे संध्याकाळी सहाला बाहेर पडायचे आणि अकराला यायचे. घर दोन खोल्यांचं, दोन्हीत माणसं, जुलैच्या पावसात मुलगी जिन्यात बसून अभ्यास करायची, अंगावर माझी शाल. मुलगा दहा वर्षांचा असताना फोन उचलून म्हणायचा, बाबा भेटीला गेलेत, काही प्रार्थनेचा विषय असेल तर सांगा, लिहून घेतो. लोक इतकं कौतुक करायचे, पाळकसाहेबांचा मुलगा किती शहाणा. मलाही अभिमान वाटायचा. मग एका रात्री त्याची ती वही मी चाळली, पानंच्या पानं लोकांचे आजार, कर्जं, भांडणं, आणि शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात, विषय, मला गणित समजत नाही. तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती. त्यानं तो आमच्यासाठीच लिहिला होता आणि आम्ही कोणी वाचला नव्हता.

ती वही मी ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या. सोमवार मुलांचा, त्या दिवशी भेट नाही, फोन नाही, कुणी दवाखान्यात असेल तेवढाच अपवाद. रात्री साडेआठला दार बंद. एक खोली अशी की तिथं मंडळीतलं कोणीही जाणार नाही, अगदी वडीलधारं माणूसही नाही. मुलांना गाणं म्हणायला, साक्ष द्यायला (देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायला) पुढं ढकलायचं नाही, त्यांना वाटलं तर म्हणतील. सुरुवातीला लोक नाराज झाले, दोन कुटुंबं म्हणाली पाळकांना आता वेळ नाही. पण वर्षभरात दुसरंच झालं, मंडळीतले बापे स्वतःच्या घरी लवकर जायला लागले. हे आम्ही शिकवलं नव्हतं.

बहिणींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. स्वतःचं काहीतरी काम ठेवा, शिवण असो, शिकवणी असो, मी बालवाडीत शिकवते. पाठवणाऱ्या मंडळीकडून येणारे मदतीचे पैसे कधी कधी दोन-दोन महिने अडकतात, तेव्हा माझ्या पगारावर भाजी आली आहे. सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच गाव सोडा. मंडळीच्या पैशाचं खातं वेगळं, सही दोघांची, आणि त्यातली एक पाळकाच्या घराबाहेरची. आणि मंडळीबाहेरची एक मैत्रीण असू द्या जिच्याजवळ रडता येईल, माझ्या त्या अक्का अजून ख्रिस्ती झालेल्या नाहीत, त्यांच्यासारखं मला इथं कुणी जपलेलं नाही.

मुलगा आता पंचवीसचा आहे, बंगळुरात नोकरी करतो, चर्चला जातो की नाही हे मी दर रविवारी विचारत नाही. गणित कसं सुटलं ते त्याला विचारा, ह्यांनी रोज रात्री नऊला त्याच्याबरोबर बसून स्वतः पुन्हा शिकलं.

तर आलात की सामान लागल्यावर आमच्याकडे जेवायला या, मुलांना घेऊन या, मी मटकीची उसळ आणि भाकरी करते. कुठल्याही दिवशी चालेल, फक्त सोमवारी नको.