विंडोज ११ : नवशिक्यांसाठी ओळख आणि मांडणी

दुकानातून आणलेला लॅपटॉप सर्वांसाठी एकाच मापाने लावलेला असतो. अक्षरे बारीक, कळफलक इंग्रजी, आणि पडद्यावर बरीचशी अशी चिन्हे की ज्यांचा मालकाला कधी उपयोग होणार नाही. प्रौढ वयात संगणक शिकणाऱ्या अनेकांना वाटणारी भीती बुद्धीच्या कमतरतेतून येत नाही. पडदा नीट वाचता येत नाही आणि हात कळफलकावर अडखळतो, एवढ्यातूनच ती बरीचशी येते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखातील क्रम नेहमीच्या पुस्तकांपेक्षा वेगळा ठेवला आहे. आधी पडदा डोळ्यांना सोयीचा करायचा, मग कळफलक मराठी करायचा आणि त्यानंतर फाइल व फोल्डर यांच्याकडे वळायचे.

येथील सर्व सूचना विंडोज ११ साठी आहेत. मायक्रोसॉफ्टने ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आणली आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, त्यामुळे आज शिकायला सुरुवात करणाऱ्याने हीच शिकणे योग्य. आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे हे सेटिंग्जमधील 'सिस्टिम' विभागात, 'अबाउट' या शेवटच्या भागात दिसते. सेटिंग्ज उघडण्यासाठी कळफलकाच्या खालच्या ओळीतील, चार चौकोनांचे चिन्ह असलेली विंडोज कळ दाबून धरावी आणि 'आय' दाबावे. ही जोडी पहिल्याच दिवशी पाठ करावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे काम तिथूनच सुरू होते.

सेटिंग्जमध्ये प्रथम 'ॲक्सेसिबिलिटी' या विभागात जाऊन 'टेक्स्ट साइझ' उघडावे. तेथील पट्टी सरकवून अक्षरे १०० टक्क्यांपासून २२५ टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि 'अप्लाय' दाबेपर्यंत काहीही बदलत नाही, त्यामुळे निर्धास्तपणे सरकवून पाहावे. यात फक्त अक्षरे वाढतात. चित्रे, बटणे, खिडक्या असे सगळेच मोठे हवे असेल, तर 'सिस्टिम', मग 'डिस्प्ले' आणि त्यातील 'स्केल' येथे १२५ किंवा १५० टक्के निवडावेत. चष्मा लावूनही डोळे ताणावे लागत असतील तर हे दोन्ही बदल करण्यात काही कमीपणा नाही. माऊसचा बाण सापडत नसेल, तर 'ॲक्सेसिबिलिटी'तच 'माऊस पॉइंटर ॲण्ड टच' येथे तो मोठा आणि ठळक रंगाचा करता येतो. एखादाच मजकूर क्षणभर मोठा करून पाहायचा असेल, तर विंडोज कळ आणि अधिकचे चिन्ह दाबल्यावर भिंग सुरू होते. विंडोज कळ आणि 'एस्केप' दाबले की ते बंद होते.

डबल क्लिक हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा अडथळा असतो. दोन क्लिकमध्ये वेळ जास्त गेला तर फाइल उघडत नाही, उलट तिचे नाव बदलण्याची चौकट उघडते आणि माणूस गोंधळतो. अशा वेळी 'एस्केप' दाबावे, नाव जसेच्या तसे राहते. त्याहून सोपा मार्ग असा की फाइलवर एकदाच क्लिक करून 'एंटर' दाबावे. बोटे थरथरत असलेल्या ज्येष्ठांना मी हाच मार्ग शिकवण्याचा आग्रह धरीन.

आता मराठी. सेटिंग्जमध्ये 'टाइम ॲण्ड लँग्वेज', मग 'लँग्वेज ॲण्ड रीजन' उघडून 'ॲड अ लँग्वेज' निवडावे आणि यादीतून मराठी घ्यावी. या टप्प्यावर इंटरनेट सुरू असावे लागते. पुढच्या पडद्यावर मराठी ही विंडोजची दर्शनी भाषा करायची का, असा पर्याय येतो. ज्यांना इंग्रजी अजिबात वाचता येत नाही त्यांनी तो अवश्य घ्यावा, मात्र काही भाग इंग्रजीतच राहतो हे लक्षात ठेवावे. ज्यांना थोडेफार इंग्रजी वाचता येते त्यांनी निदान सुरुवातीचे काही महिने मेनू इंग्रजीत ठेवावेत, असे मी सुचवीन, कारण शेजारी, नातवंडे किंवा दुरुस्ती करणारे मदतीला आले तरी त्यांना तीच नावे ठाऊक असतात.

टंकलेखन मात्र मराठीतच यायला हवे. भाषा जोडल्यावर तिच्यासमोरील तीन टिंबांवर क्लिक करून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जावे आणि 'ॲड अ कीबोर्ड' निवडावे. येथे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन मार्ग मिळतात. फोनेटिक पद्धतीत रोमन अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी शब्द सुचवला जातो. २०१९ सालच्या विंडोज १० च्या मे महिन्यातील अद्यतनापासून फोनेटिक कळफलक विंडोजमध्येच मिळतो, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. इंग्रजी टंकलेखनाची सवय असलेल्याला हा मार्ग लगेच जमतो. ज्यांची सुरुवातच मराठीतून होणार आहे त्यांनी इन्स्क्रिप्टच शिकावे. त्यात स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यत्वे उजव्या हाताला असतात, त्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि वेग वाढतो. 'पुस्तक' हा शब्द घ्या. एच दाबल्यावर प, जी दाबल्यावर उकार, एम दाबल्यावर स, डी दाबल्यावर स चा पाय मोडतो, मग एलने त आणि केने क येतो. जोडाक्षराचे सगळे गुपित त्या डीच्या कळीत आहे. ळ साठी शिफ्टसह एन, ण साठी शिफ्टसह सी, ख साठी शिफ्टसह के. रोज वर्तमानपत्रातील एक परिच्छेद उतरवून काढावा, त्याने बोटांना जागा सापडू लागतात.

इंग्रजी आणि मराठी कळफलकांत अदलाबदल करण्यासाठी विंडोज कळ धरून स्पेसबार दाबावा. कोणता कळफलक चालू आहे ते पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसते. पासवर्ड बरोबर असूनही स्वीकारला जात नसेल तर आधी तो कोपरा पाहावा. पुष्कळदा मराठी कळफलक सुरू राहिलेला असतो. आणखी एक सूचना टंकलेखकांसाठी. या मार्गाने लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात, असतो आणि फोनवर, मेलमध्ये, दुसऱ्या संगणकावर तसाच दिसतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेली पत्रे मात्र तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडतात, म्हणून नवे काम जुन्या फाँटमध्ये सुरू करू नये.

पडदा आणि कळफलक हाताळता येऊ लागले की फिरणे शिकावे. खालची पट्टी म्हणजे टास्कबार. विंडोज ११ मध्ये स्टार्टचे चिन्ह या पट्टीच्या मध्यावर असते. पूर्वीप्रमाणे डावीकडे हवे असेल तर टास्कबारवर राइट क्लिक करून (म्हणजे माऊसचे उजवे बटण दाबून) 'टास्कबार सेटिंग्ज', मग 'टास्कबार बिहेवियर्स' येथे 'लेफ्ट' निवडावे. रोज लागणारे सॉफ्टवेअर उघडावे, टास्कबारवर आलेल्या त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करावे आणि 'पिन टू टास्कबार' म्हणावे, म्हणजे ते कायम समोर राहते. नको असलेली चिन्हे त्याच रीतीने 'अनपिन' करावीत; याने सॉफ्टवेअर काढले जात नाही, केवळ चिन्ह हटते. पार्श्वचित्र बदलण्यासाठी डेस्कटॉपच्या, म्हणजे सगळ्या खिडक्यांमागे दिसणाऱ्या मुख्य पडद्याच्या, रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'पर्सनलाइझ' आणि 'बॅकग्राउंड' निवडावे. घरच्यांचा फोटो लावावा, हौस जरूर पुरवावी, पण गर्दीच्या चित्रावर चिन्हांची नावे वाचता येत नाहीत, एवढे पाहावे.

फाइल कोठे गेली, हा प्रश्न मात्र रोज पडतो. विंडोज कळ आणि ई दाबल्यावर फाइल एक्सप्लोरर उघडतो. इंटरनेटवरून घेतलेली प्रत्येक गोष्ट, मग तो सातबारा असो की वीजबिल, सहसा 'डाउनलोड्स' या फोल्डरमध्ये येऊन पडते आणि महिन्याभरात तिथे ढीग साचतो. म्हणून 'डॉक्युमेंट्स'मध्ये वीज, बँक, शेती, मुलांचे शिक्षण असे मोजके फोल्डर मराठी नावांनी करावेत. देवनागरी नावे विंडोज पूर्णपणे स्वीकारते. फाइल हलवण्यासाठी ती निवडून कंट्रोल आणि एक्स, मग नव्या जागी कंट्रोल आणि व्ही. चुकून भलतीकडे गेली तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे, ती मूळ जागी परत येते. फाइलच्या नावात तिरकी रेघ किंवा अपूर्णविराम चालत नाही, त्यामुळे तारीख '२०२५-०३-१४ वीजबिल' अशी, वर्ष आधी घेऊन लिहावी. असे केल्याने फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिच्यावर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' म्हटले की परत मिळते. ही सोय पेन ड्राइव्हवरून पुसलेल्या फाइलींना नाही, आणि शिफ्ट धरून डिलीट दाबले तरीही नाही. पेन ड्राइव्हवर काम करताना म्हणूनच विशेष सावध राहावे.

घरातील मुले हाच संगणक वापरणार असतील तर 'अकाउंट्स' विभागातून त्यांचे वेगळे खाते उघडावे, म्हणजे आपण लावलेली मोठी अक्षरे आणि आपली मांडणी तशीच राहते. जागेवरून उठताना विंडोज कळ आणि एल दाबून पडदा कुलूपबंद करावा. लिहीत असताना दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस दाबावे. डेस्कटॉप संगणकावर वीज गेली की न साठवलेले काम जाण्याचा धोका असतो. काम संपल्यावर स्टार्टमधील पॉवरच्या चिन्हावरून 'शट डाउन' करावे, आणि तिथे 'अपडेट ॲण्ड शट डाउन' असे दिसले तर लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवूनच तो पर्याय निवडावा.