मसाई मारा आणि वस्तीतला मुक्काम : निघण्यापूर्वीची तयारी

केनियातील मसाई मारा हे अभयारण्य पाहायला निघताना बहुतेक कुटुंबांची तयारी दुर्बीण, कॅमेरा आणि खाकी टोपी यांभोवतीच फिरते, आणि मसाई या तिथल्या गुरे पाळणाऱ्या जमातीच्या वस्तीतील एक-दोन रात्रींचा मुक्काम कार्यक्रमपत्रिकेतील एक ओळ होऊन राहतो. वास्तविक अधिक पूर्वतयारी लागते ती या मुक्कामालाच. जंगलात आपण गाडीत बसून असतो, वस्तीत मात्र कोणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून राहतो.

आरक्षणाचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकाला लेखी विचारून घ्यावे की मुक्काम नेमका कोणत्या वस्तीत आहे, तेथील कुटुंबांच्या हाती त्यातले किती पैसे पडतात आणि ते कोणामार्फत पोहोचतात. अभयारण्याच्या दरवाजांजवळील काही वस्त्यांमध्ये तासाभराचे नृत्यदर्शन घडवले जाते आणि प्रवेशाच्या रकमेतला मोठा वाटा गाडीचालक किंवा मध्यस्थ ठेवून घेतात, अशी तक्रार अनेक वर्षांची आहे. या प्रश्नांना स्पष्ट उत्तर न देणारा आयोजक मी तरी निवडणार नाही.

मुख्य अभयारण्य सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचे असून ते नारोक काउंटीच्या अखत्यारीत येते. त्याला लागून असलेल्या जमिनी मसाई कुटुंबांच्या मालकीच्या आहेत. या कुटुंबांनी त्या एकत्र करून पर्यटन तळांना भाड्याने दिल्या आणि त्यांतून ‘कॉन्झर्व्हन्सी’, म्हणजे खासगी जमिनींवरची संरक्षित क्षेत्रे, उभी राहिली. २०१० साली स्थापन झालेली मारा नाबोइशो ही त्यांपैकीच एक. जमीनमालकाला ठरलेले भाडे मिळत राहते, त्यामुळे तो जमिनीला कुंपण घालत नाही, आणि ठरवून दिलेल्या नियमांनुसार गुरेही चरतात, हत्ती आणि सिंहही फिरतात. प्रवाशाच्या दृष्टीने आणखी एक फरक असा की मुख्य अभयारण्यात पायी हिंडण्यास किंवा रात्री गाडीतून फिरण्यास मनाई असते, तर कॉन्झर्व्हन्सीत जाणकार वाटाड्यासोबत या दोन्ही गोष्टी करता येतात. म्हणून निम्मे दिवस तरी कॉन्झर्व्हन्सीसाठी राखावेत.

हंगामाचा निर्णय खर्चाशी जोडलेला आहे. विल्डबीस्ट या मोठ्या आफ्रिकी हरिणवर्गीय प्राण्याचे मोठे कळप साधारण जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत मारात असतात. मुख्य अभयारण्याचे परदेशी प्रौढांसाठीचे शुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून या काळात दर दिवशी १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर करण्यात आले. निघण्यापूर्वी ताजा दर पाहून घ्यावा. नदी ओलांडणारे कळप पाहण्याचा आग्रह नसेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

कागदपत्रांत पासपोर्टखालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लसीचे पिवळे प्रमाणपत्र. ही लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य ठरते. केनियातून परतताना ते जवळ नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. केंद्रांवरील गर्दी लक्षात घेऊन किमान महिनाभर आधी वेळ घ्यावी. साठीपुढील व्यक्तींनी, गर्भवतींनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारावे, कारण त्यांपैकी काही प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सुरू कराव्या लागतात. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना लागू केला आहे; तो केवळ सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा. प्रवास विम्यात रुग्णाला विमानाने नैरोबीला हलवण्याची तरतूद आहे ना, हे वाचून खात्री करावी.

सामान बांधताना आपल्याकडची एक सवय सोडावी लागते, ती म्हणजे प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळण्याची. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे, आणि ५ जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूही चालत नाहीत. कपडे सुती पिशव्यांत, चिवडा-लाडू स्टीलच्या डब्यात आणि पाणी धातूच्या बाटलीत न्यावे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जायचे असल्यास सहसा १५ किलोंपर्यंतच सामान चालते आणि तेही मऊ बॅगेत. पठार उंचावर असल्याने पहाटेच्या उघड्या गाडीत चांगलीच थंडी वाजते, तेव्हा स्वेटर, वाऱ्याला अडवणारे जाकीट आणि कानटोपी हवीच. लष्करी छापाचे कपडे घेऊ नयेत. तेथे चौकोनी पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे प्लग असतात, त्याचा अडॅप्टर इथूनच घ्यावा.

आता वस्तीविषयी. पारंपरिक मसाई घर स्त्रिया स्वतः बांधतात: फांद्यांचा सांगाडा, त्यावर माती आणि शेणाचा लेप. दार इतके ठेंगणे की वाकूनच आत शिरावे लागते, आणि पहिली काही मिनिटे डोळ्यांना काहीच दिसत नाही. मधोमध चूल पेटलेली असते, धूर बाहेर जायला हातभर रुंदीचेही छिद्र नसते आणि एका कोपऱ्यात वासरे किंवा करडे बांधलेली असतात. दमा असलेल्यांनी इनहेलर जवळ ठेवावा आणि स्वतंत्र तंबूची सोय आहे का ते आधीच विचारावे. सर्व घरांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण असून रात्री गुरे त्याच्या आत असतात. अंधार पडल्यावर यजमानांना सोबत घेतल्याशिवाय कुंपणाबाहेर पाऊल टाकू नये. कपाळाला बांधायची विजेरी आणि तिचे जादा सेल प्रत्येकाजवळ असावेत. पाणी बायका दुरून वाहून आणतात, म्हणून अर्ध्या बादलीत अंघोळ उरकण्याची मुलांना घरीच सवय लावावी.

लहान मुले मोठ्यांपुढे डोके झुकवून उभी राहतात, तेव्हा तळहात हलकेच डोक्यावर ठेवायचा, हेच अभिवादन. मसाई भाषेत कोणी ‘सोपा’ (नमस्कार) म्हटल्यावर ‘एपा’ असे उत्तर द्यावे आणि निरोप घेताना ‘आशे ओलेंग’ म्हणून आभार मानावेत. गुरे किती किंवा मुले किती, असे मोजदादीचे प्रश्न टाळावेत. गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि छायाचित्रापूर्वी परवानगी मागावी. शाकाहारी असल्याचे आधी कळवले तर दुधाचा चहा, उगाली हा मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सुकुमा विकी ही पालेभाजी आणि चपातीवर पोट भरते. चपाती तेथे भारतीयांबरोबर पोहोचली आणि आता घरोघरी होते.

मुलांना चॉकलेटे वाटू नयेत. शाळेला काय हवे ते मुख्याध्यापकांना विचारून त्यांच्याकडेच द्यावे. मण्यांचे दागिने ते घडवणाऱ्या बाईकडूनच घ्यावेत, आणि हाड, कातडे, पीस यांपासून केलेली कोणतीही वस्तू घेऊ नये, कारण केनियात १९७७ पासून शिकारीवर बंदी आहे आणि वन्यप्राण्यांच्या अवयवांचा व्यापार हा गुन्हा आहे. हिवतापाच्या गोळ्या घरी परतल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात, आणि पुढील काही महिन्यांत ताप आलाच तर आफ्रिकेतून आल्याचे डॉक्टरांना सर्वप्रथम सांगून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.