फोटो टाकण्याआधी बोंड फोडा

सप्टेंबर लागला की गावोगावच्या शेतकरी ग्रुपवर कपाशीचे फोटो सुरू होतात. खाली एकच प्रश्न, "काय मारू?" आणि पाच मिनिटांत सात औषधांची नावं हजर. लागवड कधीची, आधी काय फवारलं, हे विचारायला कोणाला सवड नसते.

लाल पडलेल्या पानाचंच घ्या. तुडतुड्यांनी रस शोषला तरी कडा लाल होतात, मॅग्नेशियम कमी पडलं तरी पान लालच. वरून काढलेल्या फोटोत फरक कळत नाही. पान उलटा, हाताची सावली धरा आणि जवळून फोटो घ्या. दुसरा अख्ख्या झाडाचा. सोबत लागवडीची तारीख, वाण, जमीन आणि शेवटची फवारणी सांगा. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा, चालतं.

गुलाबी बोंडअळीचं मात्र फोटोवर भागत नाही. बोंड बाहेरून ठणठणीत, अळी आत. एकरात फिरून 20 झाडं निवडा, प्रत्येकाचं एक हिरवं बोंड तोडून फोडा. 2 बोंडांत अळी निघाली तर 10 टक्के झालं, फवारणीची वेळ आली. कामगंध सापळे (मादीच्या वासाने अळीचे नर पतंग ओढून पकडणारे) एकरी 2 लावले असतील तर रोज सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात सलग 3 रात्री 8 किंवा जास्त सापडले तरी तोच इशारा. हे आकडे ग्रुपवर टाका. शेजाऱ्याला तुमच्या फोटोपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेली, मिटलेली फुलं, दिसल्या तर तोडून नष्ट करा, फोटो मागाहून.

"पंपाला 30 मिली" असा निरोप आला तर आधी विचारा, पंप किती लिटरचा? कोणाचा 10 चा, कोणाचा 20 चा. तीन-चार औषधं एकत्र करायची कृती तर पुढे पाठवूच नका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने 20 हून जास्त माणसं गेली.

शंका राहिलीच तर किसान कॉल सेंटर आहे: 1800-180-1551, सकाळी 6 ते रात्री 10, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन लावताना औषधाची बाटली जवळ ठेवा. दुकानातलं नाव नको, लेबलवरच्या घटकाचं नाव वाचून सांगा.