टाकीत झाडं माजली असतील तर हप्त्याहप्त्याने छाटा

टाकीतली झाडं माजली म्हणून वैतागू नका. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया आणि नायट्रेट खाऊनच ती फोफावतात, म्हणजे पाणी राखायचं काम चोख चाललंय. पण पानांचा थर वर काचेपर्यंत पसरला, खालची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि सकाळी दिवा लावायच्या आधी मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले, की कात्री काढायची वेळ झाली. अंधारात झाडंसुद्धा ऑक्सिजनच घेतात, त्यामुळे गच्च टाकीत पहाटे तो सगळ्यात कमी असतो. धापा दिसल्या तर त्याच दिवशी तरंगणारं डकवीड, साल्व्हिनिया चहाच्या गाळणीने निम्मं काढून टाका आणि रात्री हवेचा पंप चालू ठेवा. बाकीची छाटणी सवडीने.

सवडीने म्हणजे खरंच सवडीने. रविवारी सकाळी बसून सगळं एकदम भुईसपाट करायचा मोह होतो. तो आवरा. झाडं एकदम गेली की ती जे खात होती ते पाण्यातच राहतं आणि आठवडाभरात काचेवर शेवाळ चढतं. माझी टाकी तीन फुटी, साधारण सव्वाशे लिटरची. मी एका वेळी तिसरा हिस्साच कापते आणि पुढचा हात आठवड्याने लावते.

आधी फिल्टर, हीटर, दिवा सगळ्यांचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून ओला हात आत घालू नका. हातावर साबण किंवा क्रीम नको. कात्री लांब दांड्याची, टोकाला वाकडी असेल तर बरी. सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. स्वयंपाकघरातली आखूड पडते आणि गंजते.

हायग्रोफिला, रोटाला, लुडविगिया अशी उभ्या दांड्याची झाडं सगळ्यात सोपी. दांडा जवळून बघा: जिथून पानांची जोडी फुटते तिथे गाठीसारखं पेर दिसतं. पेराच्या किंचित वर कापा. तुळशीचा शेंडा खुडला की खाली दोन फुटवे येतात, तसंच इथे होतं आणि झाड उंच न होता दाट होतं. पण खालचा दांडा काळा, बिनपानांचा झाला असेल तर त्याचे लाड नकोत. उपटून टाका आणि वरचे हिरवे शेंडे लावा. शेंड्याची खालच्या दोन पेरांची पानं काढायची, चिमट्यात धरून खडीत थोडा तिरका खुपसायचा, म्हणजे वर तरंगत येत नाही. एकेक दांडा सुटा लावा. दुकानातून आणलेली जुडी शिशाच्या पट्टीसकट तशीच रोवली की आतले दांडे सडतात.

व्हॅलिसनेरियाची लांब पानं मधेच कापू नका. कापलेली टोकं तपकिरी पडतात, दिसायलाही वाईट. जास्त झालेलं पान बुडाशी धरून काढा. खडीवरून पळणाऱ्या दोऱ्याला पिल्लं फुटतात. नको त्या जागी आलेलं पिल्लू दोरा कापून उचला. ॲमेझॉन सोर्डची बाहेरची जुनी पानं बुडाशी कापली की पुरे. अख्खं झाड उपटलंत तर मुळांबरोबर सगळा गाळ वर येईल. क्रिप्टोकोरीनला शक्यतो हलवूच नका, जागा बदलली की रुसून सगळी पानं विरघळवते. ॲनुबियास आणि जावा फर्नचं जाड आडवं खोड कापून वाटता येतं. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पानं राहू द्या आणि खोड खडीत पुरू नका, कुजतं. जावा मॉस कापताना सायफनची नळी शेजारीच धरा, नाहीतर त्याचे धागे महिनाभर टाकीभर सापडत राहतील.

संपल्यावर तरंगणारे तुकडे जाळीने काढा, तीसेक टक्के पाणी बदला, मगच फिल्टर सुरू करा. दोन दिवसांनी त्याचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या, हमखास तुंबलेला असतो. दिवा दहा-बारा तास लावत असाल तर सातवर आणा.

कापलेला पाला लगेच फेकू नका. टाकीचंच पाणी घातलेल्या बादलीत तासभर ठेवा. गप्पीची पिल्लं, कोळंबी त्यात हटकून अडकलेली असतात. चांगले शेंडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून ओळखीपाळखीत वाटा, पण पानामागे गोगलगाईच्या अंड्यांचा चिकट ठिपका असू शकतो हे सांगून द्या.

नदीत, तळ्यात, ओढ्यात मात्र एक काडीसुद्धा टाकायची नाही. मी चिंचवडची, पवनेवरची जलपर्णी दरवर्षी बघते. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. उलट शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवायचो ती आपल्याकडची हायड्रिला 1950च्या दशकात मत्स्यटाक्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथले कालवे तुंबवून बसली.

उरलेला पाला कंपोस्टमध्ये जाऊ द्या, पण सुका पाचोळा मिसळून. नुसता ओला टाकलात तर दोन दिवसांत शेजारी दार वाजवतील. बदललेलं पाणी कुंड्यांना घाला. माशांना मीठ किंवा औषध दिलं असेल तर तेवढ्या वेळी मोरीत.