खान्देशात नव्यानं आलात? मॅचसाठी छत्री आग्नेयेला लावा

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारला बदलीवर आलेल्या माणसाचा पहिला महिना खोली, पाणी आणि डबा यांतच जातो. मग भारताची मॅच येते. घरमालकाच्या घरी केबल असते, तिथं डीडी स्पोर्ट्स लावलं तर भलताच कार्यक्रम चालू असतो, आणि आपण ठरवून टाकतो की दूरदर्शनवर मॅच नाहीच. मग सुरू होतो मोबाइलवर लिंक शोधण्याचा उद्योग. बाहेरून इथं नोकरीला आलेले निम्मे लोक इथंच फसतात.

मॅच दूरदर्शनवर बहुतेक वेळा असते. ती केबलवर नसते, एवढंच. २००७च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण हक्क घेतलेल्या खासगी वाहिनीला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. जाहिरातीच्या उत्पन्नात टीव्हीसाठी ७५ टक्के वाटा हक्कदाराचा आणि २५ टक्के प्रसार भारतीचा. पण ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की असा मिळालेला सिग्नल दूरदर्शननं फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवर, म्हणजे डीडी फ्री डिशवर दाखवायचा. केबलवाल्यांना आणि खासगी डीटीएचला तो फुकट मिळणार नाही. म्हणून वाहिनी एकच असली तरी शेजारच्या केबलवर जुना कार्यक्रम दिसतो आणि फ्री डिशवर मॅच.

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांच्या या यादीत काय येतं तेही माहीत असू द्या. भारतीय पुरुष संघाचे अधिकृत एकदिवसीय आणि टी-२० सामने, सरकारला महत्त्वाच्या वाटलेल्या कसोटी, ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल स्पर्धा, हॉकी विश्वचषकातले भारताचे सामने, फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सामने. आयपीएल यादीत नाही. ते कायदेशीर आणि पूर्ण फुकट बघायची वाट शोधत बसू नका; ज्या वर्षी एखादं अ‍ॅप किंवा रिचार्ज ते देईल त्या वर्षी तसं बघा.

आता फ्री डिश बसवायचं सामान. साठ-पासष्ट सेंटिमीटरची छत्री (डिश), युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग), छत्रीपासून टीव्हीपर्यंतची आरजी-६ वायर, तिच्या दोन टोकांना दोन एफ कनेक्टर आणि एमपेग-४ची पेटी (सेट-टॉप बॉक्स). सगळं मिळून साधारण दोन हजारांच्या आतबाहेर, आणि पुढं महिन्याला शून्य रुपये. एमपेग-२ची जुनी पेटी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तिच्यावर कमी वाहिन्या लागतात. जळगावात गोलाणी मार्केटला एक चक्कर मारलीत की भाव कळतात. नव्या टीव्हीच्या मागे एलएनबी लिहिलेलं, आट्यांचं गोल तोंड असेल तर पेटीचीही गरज नसते. आधी टीव्ही फिरवून बघा.

दिशा हा सगळ्यात मोठा गोंधळ. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर. जळगाव-भुसावळहून तो होकायंत्रावर साधारण १३८ अंशांवर आणि क्षितिजापासून ५८ अंश उंच आहे. धुळे आणि नंदुरबारला १३६ आणि ५७ धरा. म्हणजे बरोबर आग्नेय. शेजारच्या गच्चीवरची छत्री बघून दिशा घेऊ नका. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, म्हणजे इथून दक्षिणेकडं कललेला, जवळपास १६० वर, एअरटेलचा १०८.२ वर, म्हणजे पूर्वेकडं, ११९च्या आसपास. गल्लीत तीन छत्र्या तीन दिशांना दिसतात त्याचं कारण हेच. मोबाइलचं होकायंत्र पत्र्याच्या शेडखाली किंवा गजांजवळ धरलंत तर दहा-वीस अंश सहज चुकतं. चार पावलं लांब जाऊन बघा.

छत्रीचा खांब आधी ओळंब्यात घ्या. खांब तिरका असला की कोनाच्या पट्टीवरचे आकडे निरर्थक होतात. पट्टी ५८ वर लावल्यावर छत्री फारच उभी वाटेल. घाबरू नका, ही ऑफसेट छत्री आहे, ती तोंड दिसतं त्यापेक्षा वरून सिग्नल घेते. जुन्या गावात धाब्याचं घर भाड्यानं घेतलं असेल तर माळवदाच्या मातीत खिळे ठोकू नका, पहिल्या पावसात घरात गळेल आणि घरमालक तुमचं नाव घेईल. भिंतीला ब्रॅकेट लावा.

आग्नेयेला कडुनिंब किंवा टाकी आडवी येते का, हे तपासायची एक बिनखर्चाची युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर झाडाची सावली पडत असेल तर जागा चुकली. त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं किंवा जातं. कसोटीचं पहिलं सत्र चालू असेल तर चरफड होते, पण दुरुस्तीवाल्याला बोलावू नका.

पेटीत एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० ठेवा, डायसेक (अनेक एलएनबी जोडायची सोय) बंद. ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे उपग्रहाच्या वाहिनीगटांच्या यादीत, ११०९०, सिम्बॉल रेट २९५०० निवडा. बहुतेक पेट्यांत तो भरलेलाच असतो. मग पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. नवखा माणूस स्ट्रेंग्थ बघून खूश होतो. ती नुसती एलएनबी जोडली तरी वर जाते, छत्री भिंतीकडं असली तरी. बघायची ती क्वालिटी. छत्री एकेक अंशानं सरकवा, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा, पेटीला पकडायला वेळ लागतो. घाईत फिरवलंत तर बरोबर जागेवरून पुढं निघून जाल आणि कळणारही नाही. क्वालिटी लागली की एलएनबी तिच्या पकडीत हलकेच फिरवून आणखी चढते का बघा. नट आवळताना एकदा इकडचा, एकदा तिकडचा. एकच नट पूर्ण आवळला की छत्री सरकते. तिसऱ्या दिवशी चित्र जातं ते यामुळंच.

दुसरा नेहमीचा दोष कनेक्टरचा. वायरची जाळी मधल्या तारेला नुसती शिवली तरी शॉर्ट होऊन सिग्नल शून्य. मधली तार कनेक्टरच्या कडेपुढं दोन-तीन मिलिमीटर राहू द्या, जाळी मागे दुमडा. एलएनबीपाशी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न शिरता झोळातून टपकेल.

मे महिन्यात इथं पारा पंचेचाळीशी ओलांडतो. टीव्हीमागच्या बंद कप्प्यात ठेवलेली पेटी तापून अडकते, आणि लोक वाहिनीला नावं ठेवतात. पेटी उघड्यावर ठेवा. लाइट गेली की प्लग काढा, परत येताना दाब वर-खाली होतो आणि अ‍ॅडॉप्टर जातो. जूनच्या वादळात, ज्यात केळीच्या बागा आडव्या होतात, छत्री अंशभर तरी हलतेच. पावसाळा लागायच्या आधी खांबावर आणि छत्रीच्या पट्टीवर ऑइलपेंटची एक रेघ मारून ठेवा, परत जुळवायला दोन मिनिटं लागतात. मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं मात्र स्वाभाविक आहे. एखादी खासगी वाहिनी अचानक गायब झाली तरी छत्रीला हात लावू नका. फ्री डिशवरच्या जागा लिलावात जातात, वाहिन्या येतात-जातात. पुन्हा ऑटो स्कॅन करा.

फक्त मोबाइलच असेल, तर प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप आहे, नोव्हेंबर २०२४पासून, दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर फुकट दिसतात. मोठ्या क्रिकेट सामन्याच्या वेळी हक्कांमुळं तिथं प्रक्षेपण अडवलेलं असू शकतं, त्याच्या भरवशावर मित्रांना खोलीवर बोलावू नका. बुद्धिबळाचे मोठे सामने यूट्यूबवर उघड असतात. डेटाचा हिशेब आधी करा: ७२०पीला तासाला साधारण एक ते दीड जीबी, म्हणजे रोजच्या दोन जीबीत टी-२०चा पूर्ण सामना बसत नाही. शिवाय मोबाइलवरचं चित्र मागे असतं. विकेटची आरोळी आधी शेजारून येते. डबल ड्यूटीला असाल तर आकाशवाणीच्या न्यूज ऑन एआयआर अ‍ॅपवर समालोचन ऐका, डेटा नगण्य लागतो.

टेलिग्रामवर फिरणारी फुकटची लिंक आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायला सांगणारं एपीके (अ‍ॅपची फाइल), या दोन्हींना हात जोडा. प्रक्षेपण चोरीचं असतंच, वर ते अ‍ॅप मेसेज वाचायची परवानगी मागतं, आणि बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. मॅच बघायला मेसेज कशाला वाचावे लागतात? चुकून टाकलंच तर नेट बंद करा, अ‍ॅप काढा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०.

बदली झाली की छत्री इथं सोडून जाऊ नका. पुण्याला तीच १३२ अंशांवर, ५९ उंचीला लागते. नागपूरला १४५ आणि ६०.